ताप उतरला, आता रेस मारू का? सायकलवाल्यांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळी ते संक्रांत या काळात सायकलवाल्यांचे मेसेज थांबत नाहीत आणि सगळ्यांचा घोळ एकच असतो, आजारी पडलोय, पण रेसची फी भरून झालीये, काय करू? मी स्पोर्ट्स मेडिसिन करतो, तुमच्यातले बरेच जण ओपीडीत येऊनही हेच विचारतात, म्हणून यावेळी एकत्रच लिहितोय. नावं काढली आहेत.

प्रश्न : डॉक्टर, फक्त नाक गळतंय, ताप नाही, खोकला नाही. उद्या सिंहगड मारला तर चालेल का? (धायरी)

सिंहगड नको. सपाटीवर अर्धा तास हळू चालवा, दहा मिनिटांत बरं वाटेनासं झालं तर घरी या.

प्रश्न : डेंग्यू झाला होता, प्लेटलेट ४२ हजारांवर गेल्या होत्या. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध सगळं केलं, आता १ लाख ६० हजार आहेत. तीन आठवड्यांनी एमटीबी (माउंटन बाइक) रेस आहे, ट्रेनिंग सुरू करू ना? (वारजे)

आधी ते पपईचं. डेंग्यूमध्ये प्लेटलेट पडतात आणि आजार ओसरला की आपल्याआप वर येतात, तुम्ही रस प्यायलात तरी आणि नाही प्यायलात तरी. त्या रसाने कोणाचा धोका टळला असं अजून सिद्ध झालेलं नाही, उलट आधीच मळमळणाऱ्या माणसाला तो कडू रस पाजून उलट्या वाढवल्याचं मी दर सीझनला बघतो, आणि तेवढे दिवस ओआरएस आणि साधं पाणी मागे पडतं जे खरं लागतं. आणि डेंग्यूत खरा धोक्याचा काळ ताप उतरायला लागतो तेव्हाचा, पुढचे एक-दोन दिवस, नेमका तेव्हाच आपला माणूस म्हणतो बरं वाटतंय, जरा चक्कर मारून येतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, फार गळून जाणं यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. अंगदुखीला पॅरासिटामॉलच घ्यायची. सायकलवाल्यांच्या खिशात कायम आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी असते, ती डेंग्यूचा नुसता संशय असला तरी चालत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तुमच्याबद्दल, प्लेटलेट आल्या म्हणजे शरीर आलं असं होत नाही. लिव्हरचे आकडे बऱ्याचदा नंतरही वर असतात आणि थकवा काही आठवडे टिकतो. सीबीसी आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्तचाचणी) पुन्हा करा, रिपोर्ट तुमच्या फिजिशियनला दाखवा, मगच हळू राइड. तीन आठवड्यांतली रेस सोडा.

प्रश्न : मी मूळचा कोथरूडचा, नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. यावर्षी पहिल्यांदा हौशी गटात सायक्लोक्रॉसचा पूर्ण सीझन खेळतोय, जवळजवळ दर रविवारी रेस. ऑक्टोबरमध्ये सर्दी-खोकला झाला तरी खेळलो. नोव्हेंबरमध्ये चिखलातल्या एका रेसनंतर जुलाब. डिसेंबरमध्ये सुट्टीला पुण्यात आलो आणि १०२ ताप, अंगदुखी. ताप उतरून आठवडा झाला, पण झोपेतले ठोके ४८ असायचे ते आता ६० दाखवतंय आणि दोन जिने चढलो की धडधडतं. जानेवारीच्या शेवटी क्लबची शेवटची रेस आहे. मित्र म्हणतात घाम काढ, उरलासुरला ताप निघून जाईल. आई म्हणते सायकल विकून टाक.

या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण मला याच गोष्टीची भीती वाटते आणि लोक ती सगळ्यात हलक्यात घेतात.

ज्यांना सायक्लोक्रॉस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. अडीच ते साडेतीन किलोमीटरचा लूप, त्यात गवत, चिखल, वाळू, आणि ४० सेंटिमीटर उंचीच्या आडव्या फळ्या, तिथे सायकलवरून उतरायचं, सायकल उचलून पळायचं, पलीकडे परत उडी मारून बसायचं. टायर जास्तीत जास्त ३३ मिलिमीटरचे. मोठ्या पुरुष खेळाडूंची रेस साधारण तासाभराची, हौशींची त्याहून छोटी. रस्त्यावरच्या रेसमध्ये ग्रुपच्या मागे लपून दम घेता येतो तसं इथे काही नाही, शिट्टी वाजल्यापासून शेवटपर्यंत हृदय जवळपास कमाल ठोक्यांवर चालतं. आणि सीझन सप्टेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे युरोपात फ्लू आणि सर्दीखोकल्याच्या विषाणूंचा जो हंगाम तोच हा. त्यामुळे सीझनमध्ये आजारी पडणं यात तुमची काही चूक नाही. आजारात खेळणं हा वेगळा मुद्दा.

फ्लू, कोविड, कॉक्सॅकी असे बरेच विषाणू कधीकधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतात आणि तिथे सूज येते, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. तो दुर्मिळ आहे, आणि झाला तरी अनेकांचा विश्रांतीने बरा होतो, हे आधीच सांगतो म्हणजे घरी घबराट नको. पण त्या सुजलेल्या स्नायूवर पूर्ण जोर टाकला तर ठोक्यांची लय बिघडू शकते. तरुण खेळाडू मैदानात अचानक कोसळून जातात त्यामागच्या ठाऊक असलेल्या कारणांपैकी हे एक आहे. कॉक्सॅकीची लागण केलेल्या उंदरांना पोहायला लावल्याचे जुने प्रयोग आहेत, त्यात व्यायाम केलेल्या उंदरांच्या हृदयाचं नुकसान खूप जास्त झालं आणि मेलेही जास्त. घाम काढला की ताप जातो म्हणणाऱ्या मित्रांना हे सांगा. ताप घामाबरोबर वाहून जात नाही, शरीराची विषाणूशी लढाई चालू असते म्हणून ताप येतो आणि त्या वेळी शरीराला दुसरं काम द्यायचं नसतं. हे वाक्य मी जिममध्ये, तालमीत, रनिंग ग्रुपमध्ये सगळीकडे ऐकलंय आणि प्रत्येक वेळी सांगणारा पूर्ण खात्रीने सांगत असतो, त्याची मला खरंच चिंता वाटते.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी माझ्यासाठी महत्त्वाच्या. ठोके १२ ने वर आणि आठवड्यानंतरही खाली नाहीत. घड्याळावरून निदान होत नाही, झोप, चहा, प्रवास यानेही आकडा हलतो, पण त्याच्या जोडीला जिन्यावर धडधड असेल तर मी घड्याळाला दोष देणार नाही. सुट्टी संपायची वाट बघू नका, तिकडे गेल्यावर बघू असंही नको, या आठवड्यात पुण्यातच कार्डिओलॉजिस्टला दाखवा. ईसीजी, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं), टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि शंका राहिली तर हृदयाचा एमआरआय. नुसता ईसीजी नॉर्मल आला म्हणून खूश होऊन निघून येऊ नका, मायोकार्डायटिसमध्येही तो कधीकधी नॉर्मल असतो. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, थेट इमर्जन्सी. ऑक्टोबरचा खोकला आणि नोव्हेंबरचे जुलाब पण डॉक्टरांना सांगा, लोक फक्त शेवटचा आजार सांगतात.

मायोकार्डायटिस निघाला तर साधारण तीन ते सहा महिने स्पर्धा आणि जोराचा व्यायाम बंद, आणि परत सुरू करायच्या आधी पुन्हा तपासण्या. नाही निघाला तर आधी चालणं, मग सपाटीवर हळू सायकल, दुसऱ्या दिवशी सकाळचे ठोके बघून वाढवत जायचं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी जानेवारीची रेस तुमच्यासाठी संपली आहे असं धरा. वाईट वाटेल, सीझनभर पहाटे थंडीत उठून ट्रेनिंग केलंय ते मला कळतं. पण मॅथ्यू व्हॅन डर पूल बघा, सायक्लोक्रॉसचा अनेक वेळचा विश्वविजेता, २०२५ च्या टूर दी फ्रान्समध्ये एक टप्पा जिंकलेला, न्यूमोनिया निघाल्यावर शेवटचा आठवडा सोडून घरी गेला. ज्याचं पोट सायकलवर चालतं तो थांबतो, तर आपण क्लबच्या रेससाठी कशाला ताणायचं?

आणि काकूंना माझा निरोप द्या, सायकल विकायला लागणार नाही. त्यांनी फक्त तुम्हाला डॉक्टरकडे न्यावं.

प्रश्न : चिखलाच्या ट्रेलवर बाटलीच्या तोंडाला चिखल लागतो, पुसून पाणी पितो. त्याने पोट बिघडतं का? (पाषाण)

हो, बिघडतं. चिखलात गाईगुरांचं शेण मिसळलेलं असतं आणि त्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू असू शकतो. २००७ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या एका माउंटन बाइक रेसनंतर याचीच मोठी साथ आली होती आणि चिखल तोंडात जाणं हेच कारण निघालं. हा जिवाणू पुणेकरांना ओळखीचा असायला हवा, जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड भागात गुलेन बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा त्यातल्या काहींच्या नमुन्यांत हाच सापडला होता. घाबरवत नाहीये, बहुतेकांचे जुलाब काही दिवसांत थांबतात. झाकणवाली बाटली घ्या, पहिली चूळ थुंका, मडगार्ड लावा, खाण्याआधी हात धुवा. जुलाबानंतरच्या काही आठवड्यांत पायात मुंग्या आणि ताकद कमी झाल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ‘काल जास्त चालवली असेल’ म्हणून घरी बसू नका.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधले काही जण आजारपणानंतर रिकव्हरी ड्रिप घेतात, व्हिटॅमिन, ग्लुटाथिओन वगैरे, लगेच ताकद येते म्हणतात. घेऊ का? (बाणेर)

नको. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला शिरेतून व्हिटॅमिनची गरज नसते, ताकद येते ती मिळालेल्या पाण्यामुळे आणि तासभर पडून राहिल्यामुळे, आणि त्याचे काही हजार घेतात. लोकांच्या थकव्यावर चाललेला हा धंदा आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण थकव्याचं कारण शोधायचं राहून जातं. शिवाय अँटीडोपिंगच्या नियमांत १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन हॉस्पिटलमधल्या उपचारांशिवाय घेणं बंदीत येतं, मग आत नुसतं व्हिटॅमिन का असेना.

प्रश्न : डिसेंबरात पहाटेच्या रेसनंतर तासभर खोकला येतो. मेडिकलमधून खोकल्याचं औषध घेतलं तर चालेल? (औंध)

मेडिकलवाल्याला विचारून नको. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटलिन असतं, ते खेळाडूंना आधी परवानगी काढल्याशिवाय बंदी असलेलं औषध आहे आणि बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं कोणी वाचत नाही. थंड कोरडी हवा, त्यात कचरा जाळल्याचा धूर, यात जोरात श्वास घेतला की बऱ्याच जणांच्या श्वासनलिका आवळतात. एखाद्या वेळी होत असेल तर सोडून द्या, दर रेसला होत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) करा. दुसऱ्याचा पंप मारून बघू नका.

प्रश्न : सकाळी १०० ताप होता, पॅरासिटामॉल घेतल्यावर ९८ झाला. रेस सात वाजता आहे. (हडपसर)

नाही. घरी थांबा.

प्रश्न : डॉक्टर, मी शाकाहारी आहे, सीझनमध्ये सारखी आजारी पडते, चढावर दम पुरत नाही. मैत्रिणीने लोहाच्या गोळ्या सांगितल्यात, सुरू करू का? (सदाशिव पेठ)

ताई, आधी तपासणी. सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी १२, शाकाहारी लोकांत बी १२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे आणि लोहाच्या गोळीने ते भरत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का तेही सांगा, बायका हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत आणि कारण बऱ्याचदा तिथेच असतं. तापात किंवा नुकत्या आजारपणानंतर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त द्या. जेवणाला लागून चहा बंद करा, ते आजपासूनच. आणि ९९९ रुपयांत ८० टेस्टचं पॅकेज घेऊ नका, या तीन पुरेत, रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, गोळी कुठली आणि किती ते त्यांना ठरवू दे.