प्लग-मीटर लावला, आता आकडे कसे वाचायचे?

भिंतीवरचं सॉकेट आणि उपकरणाचा थ्री-पिन टॉप यांच्या मध्ये बसणारा छोटा वीजमापक आता बऱ्याच घरांत आला आहे. तो लावल्यावर पडलेले वाचकांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : ६ ॲम्पिअरचा मीटर घ्यावा की १६ ॲम्पिअरचा? (ठाणे)

कशावर लावणार ते आधी ठरवा. ६ ॲम्पिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॉट, ही छोट्या मीटरची हद्द. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, १००० वॉटची इस्त्री यांना तो पुरतो. १५०० वॉटची किटली त्यावर लावू नका. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो आणि ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३, त्यामुळे तिथे १६ ॲम्पिअरचाच हवा. फक्त या मीटरच्या स्वतःच्या पिना जाड असतात, तो पॉवर पॉइंटमध्येच, म्हणजे १६ ॲम्पिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच बसतो. फ्रिजसाठी साधा पॉइंट असेल तर तिथे छोटाच लागेल. जाड पिनेचं उपकरण कन्व्हर्जन प्लग लावून साध्या सॉकेटवर चालवायचा मोह टाळा, सॉकेट आतून वितळतं.

घेताना दोन गोष्टी बघा. मीटरवर वॉटबरोबर साठत जाणारे युनिट दिसले पाहिजेत, आणि वीज गेली तरी तो आकडा पुसला जाता कामा नये. नुसते वॉट दाखवणारा मीटर फ्रिजसाठी निरुपयोगी आहे.

प्रश्न : फ्रिजवर कधी ११० वॉट दिसतात, कधी जवळपास शून्य, आणि एकदा तर २०० दिसले. मीटर बिघडलाय का? (सांगली)

मीटर ठीक आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर पुरेसा गारवा झाला की थांबतो, तेव्हा शून्य दिसतं. २०० म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तो काही तासांनी थोडा वेळ आपोआप लागतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर तो क्वचितच पूर्ण थांबतो, कमीजास्त वेगाने चालत राहतो. म्हणून कोणत्याही क्षणाचा वॉटचा आकडा धरून हिशेब करू नका.

युनिटचा आकडा शून्यावर आणा आणि ७२ तास मीटरला हात लावू नका. घरात नेहमीसारखीच वर्दळ असू द्या, पाहुणे येणार असतील तो आठवडा सोडा. समजा तीन दिवसांत ४.२ युनिट झाले. म्हणजे दिवसाला १.४, महिन्याला ४२, वर्षाला ५११. आता फ्रिजच्या दारावरचं स्टार लेबल बघा, त्यावर वर्षाचा वापर युनिटमध्ये छापलेला असतो. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. घरी दार सतत उघडतं, गरम भांडी आत जातात, त्यामुळे आपला आकडा थोडा वर असणारच. दीडपट किंवा जास्त असेल तर मात्र कारण शोधायला हवं.

आधी दाराचं रबर. दारात एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर त्या जागी रबर हवा सोडतंय. हे चारही बाजूंनी करा, विशेषतः खालच्या कोपऱ्यात, कारण सांडलेलं दूध आणि आमटी तिथेच साचून रबर कडक होतं. कोमट साबणपाण्याने पुसून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. मग मागची जाळी. तिच्यावर धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. सॉकेटमधून टॉप काढा, मग जाळी मऊ ब्रशने साफ करा. मागे जाळी दिसत नसेल तर उष्णता बहुधा बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते, म्हणून दोन्ही बाजूंना हवेला जागा सोडा. साध्या फ्रिजमध्ये बर्फ अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड झाला तर वितळवा.

हे सगळं एका दिवशी करू नका. एक बदल, मग पुन्हा ७२ तास. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि एप्रिलच्या आकड्याची तुलना डिसेंबरशी करू नका, भोवतालची हवा तापली की तोच फ्रिज जास्त युनिट घेतो.

मीटरवर आणखी दोन खुणा दिसतात. कॉम्प्रेसर अजिबात न थांबता तासन् तास चालतोय आणि तरी गारवा कमी आहे, तर गॅस कमी झाला असेल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल. दर काही मिनिटांनी आकडा क्षणभर उसळतो, ‘टक्’ आवाज येतो आणि पुन्हा शून्य, तर कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. व्होल्टेज बघा. ते ठीक असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) तपासायला मेकॅनिक बोलवा, उशीर झाला की कॉम्प्रेसर जळतो.

जुना स्टॅबिलायझर असेल तर मीटर एकदा त्याच्या आधी आणि एकदा त्याच्या नंतर लावा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे स्टॅबिलायझरचा स्वतःचा खर्च, आणि तो चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : रिमोटने टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स बंद करतो. तेवढं पुरत नाही का? (नाशिक)

बॉक्सवर मीटर लावा आणि रिमोटने बंद करून बघा. अनेक बॉक्स बंद दिसत असतानाही चालू असताना लागतात जवळपास तेवढेच वॉट घेत राहतात. समजा १२ वॉट दिसले. १२ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, भागिले १०००, म्हणजे महिन्याला ८.६ युनिट. याउलट ७५० वॉटचा मिक्सर रोज पाच मिनिटं चालला तर महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. सगळा खेळ वॉटमध्ये तासांचा गुणाकार करण्यात आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालणाऱ्या घरघंटीवरून घरात वाद घालू नका, रात्रभर मिणमिणणाऱ्या बॉक्सचं बटण भिंतीवर बंद करा.

रिकामा मोबाइल चार्जर विसरून जा. तो इतकी कमी वीज घेतो की स्वस्त मीटर ती मोजूच शकत नाही. एक-दोन वॉटवर अशा मीटरचा भरवसाही नसतो. अशी तीन-चार उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बोर्डाचा एकत्र आकडा आठवडाभर मोजा.

प्रश्न : वाचलेल्या युनिटचे नेमके रुपये किती होतात? (कोल्हापूर)

बिलाला एकूण युनिटने भागून येणारा सरासरी दर इथे चालत नाही. महावितरणचे घरगुती दर ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर अशा टप्प्यांनी चढतात. तुमचा वापर ३२० असेल तर पहिले वाचलेले २० युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने वाचतात, म्हणजे सर्वांत महाग युनिट आधी कमी होतात. त्या दरात प्रति युनिट वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार मात्र एक पैसाही कमी होत नाही. हे सगळे आकडे तुमच्या ताज्या बिलावर छापलेले असतात, त्यावरूनच घ्या.

प्रश्न : मीटरवर २३० व्होल्ट आणि ०.१५ ॲम्पिअर, म्हणजे ३४ वॉट व्हायला हवेत. पण दिसतात १८. खरं कोणतं? (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर)

१८. उरलेला फरक पॉवर फॅक्टरचा. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर यातला जेवढा हिस्सा खरे वॉट होतो तो पॉवर फॅक्टर, या उदाहरणात साधारण ०.५२. एलईडी दिवे आणि छोटे ॲडाप्टर यांच्यात असं होतं. घरगुती बिल युनिटवर येतं आणि युनिट वॉटवरून मोजले जातात, म्हणून ॲम्पिअरकडे बघू नका.

‘सॉकेटमध्ये लावा, बिल कमी करा’ अशा जाहिरातीच्या डब्या याच गोंधळावर विकल्या जातात. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर असतो. बोर्डावर पंखा चालू ठेवून, बोर्डाआधी मीटर लावून ती डबी जोडून बघा : ॲम्पिअर थोडे बदलतील, वॉट कमी होणार नाहीत. त्यावर पैसे घालवू नका.

प्रश्न : गिझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी गरमच राहतं, म्हणून वीज कमी लागते असं सांगतात. (पुणे)

मोजून बघा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतात, हे कोणत्याही गिझरला चुकत नाही. आता पाणी तापल्यावर युनिट शून्यावर आणा आणि घरी कुणी नसेल अशा दिवशी एक थेंबही न काढता २४ तास तसाच चालू ठेवा. जो आकडा येईल तो निव्वळ टाकीतून निसटलेल्या उष्णतेचा. अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावून नंतर बंद केला की यातला बराचसा वाचतो.

पण पॉइंट न्हाणीघरात असेल, त्यावर पाणी उडत असेल, तर हा प्रयोग करूच नका. दहा मिनिटांनी मीटर आणि टॉप बाहेरून चाचपा. चटका बसेल इतके गरम असतील किंवा जळका वास येत असेल, तर भिंतीवरून बंद करा. सॉकेटची पकड सैल झाली आहे, ते बदलावं लागेल. मोजणी झाली की मीटर काढून ठेवा.

प्रश्न : पंख्याला आणि मोटारीला टॉपच नाही. ते कसे मोजायचे? (रत्नागिरी)

वीज कंपनीच्याच मीटरने. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, इन्व्हर्टरचं चार्जिंगसुद्धा. फक्त पंखा पूर्ण वेगात लावा आणि दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, ते वॉट. १५ सेकंद आले तर ७५ वॉट, जुना साधा पंखा. ४० सेकंद आले तर २८, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना आधी त्या आकड्याने भागा आणि उत्तर ११२५ च्या जागी घ्या.

याच युक्तीने प्लग-मीटरही तपासता येतो. १६ ॲम्पिअरच्या मीटरवर किटली १५०० वॉट दाखवत असेल तर ३२०० वाल्या कंपनीच्या मीटरचा लाल दिवा मिनिटाला ८० वेळा लुकलुकला पाहिजे. ७८ ते ८२ मध्ये असेल तर प्लग-मीटर घरच्या कामाला पुरेसा अचूक आहे.

प्रश्न : फोनवर आकडे दाखवणारा वाय-फाय प्लग फ्रिजला कायमचा लावला तर? (डोंबिवली)

लावण्याआधी ॲपमध्ये ‘वीज परत आल्यावर’ प्लगने काय करायचं, ती सेटिंग शोधा. काही प्लग वीज येऊनही बंदच राहतात. ती ‘चालू’वर ठेवा आणि भिंतीवरचं बटण एकदा बंद-चालू करून खात्री करून घ्या. अशी सेटिंगच नसेल तर त्या प्लगवर फ्रिज लावू नका. दुपारी दहा मिनिटं वीज गेली आणि घरात कुणी नसलं, तर रात्रीपर्यंत दूध नासलेलं असेल.