नव्या ग्रंथपालाला: कार्यशाळेच्या आधी माणसं जोडा

पहिल्या वर्षी प्रत्येक कार्यशाळेला जावंसं वाटतं. तसं करू नका. आधी आपल्या भागातल्या ग्रंथालय संघटनेचे सभासद व्हा. प्रशिक्षणं, परिषदा, रिकाम्या जागा, सगळ्याची बातमी तिथे लवकर कळते. १९२७ साली स्थापन झालेली इफ्ला ही ग्रंथालयांची जागतिक संघटना मोठीच, पण रोजची अडचण सोडवायला धावून येतो तो शेजारच्या ग्रंथालयातला माणूस.

कार्यशाळा निवडताना मी एकच बघते: हाताने काम करायला मिळणार का? कॅटलॉगिंग, म्हणजे पुस्तकांच्या सूचीनोंदी करणं, नुसतं ऐकून येत नाही. अनुवाद, मालिकेतले खंड, तीन-चार संपादकांची पुस्तकं अशी अवघड दहा पुस्तकं सोबत न्या, तिथेच त्यांच्या मार्क नोंदी (संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातल्या नोंदी) करा आणि शिकवणाऱ्यांकडून तपासून घ्या. कोहा शिकायला तर वाटही बघायला नको. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली वापरात आलेली ही ग्रंथालयाचं काम चालवणारी मुक्त संगणक प्रणाली आहे, परवान्याचं शुल्क नाही. सरावासाठी वेगळी प्रत उतरवून घ्या आणि बिनधास्त चुका करा. (खऱ्या नोंदींवर मात्र कधीच नाही!)

परिषदेचं शुल्क जड वाटलं तर नवोदितांना सवलत आहे का, हे स्पष्ट विचारा. पुष्कळ ठिकाणी असते, फक्त कोणी विचारत नाही.

आणि परत आल्यावर त्याच आठवड्यात सहकाऱ्यांना अर्धा तास शिकवा. मी हे फार उशिरा सुरू केलं. माझ्या सुरुवातीच्या प्रशिक्षणांतलं जवळजवळ सगळं विसरून गेलं, त्याची हळहळ आजही वाटते.