ल्युपस, तांबडा रस्सा आणि ताकदीची पावडर

प्रश्न : ताई, माझं वय ३१. कसबा बावड्यात राहते, शाळेत शिकवते, रोज स्कूटीवरून ये-जा असते. गेल्या उन्हाळ्यात गालांवर लाल चट्टे आले, मग सकाळी बोटांचे सांधे धरायला लागले, केस गळायला लागले. उष्णता झाली असेल म्हणून आधी सोडून दिलं. शेवटी रक्ताच्या एएनए आणि डीएसडीएनए या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या आणि डॉक्टरांनी ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उठण्याचा आजार, सांगितला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी आणि थोडं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. आता घरात ज्याचा त्याचा सल्ला. सासूबाई गुळवेलीचा काढा देतात. वन्संनी प्रतिकारशक्ती वाढवणारी महागडी पावडर आणलीय. हे म्हणतात, रोज गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पिऊ. शेजारच्या काकूंनी लसूण, वांगं, टोमॅटो बंद करायला सांगितलंय आणि तांबडा-पांढरा सोडायचाच, यावर सगळ्यांचं एकमत आहे. नेमकं काय खाऊ? पथ्य नीट पाळलं तर गोळ्या कमी होतील का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथंच घोटाळे होतात. पथ्याने गोळ्या सुटत नाहीत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि नेमक्या त्या काळात माणूस कंटाळून काढ्याकडे वळतो. ही गोळी जेवणानंतर घ्या म्हणजे पोटात मळमळणार नाही. सुरुवातीलाच एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःच्या मनाने एका दमात कधीच बंद करायचं नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो. ते डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतील.

आता ती पावडर. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच त्वचेवर, सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उठलेली असते. गोळ्या तिला आवरायला दिल्यात आणि आपण चमच्याने तिला चढवायची, हा काय हिशोब? डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. अल्फाल्फा, स्पिरुलिना, अश्वगंधा, एकिनेशिया यातलं एक जरी नाव दिसलं, तरी वन्संना गोड बोलून डबा परत द्या. अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. बावड्यात ज्यांच्या दारात जनावरं आहेत त्यांना ती चांगली ठाऊक असेल. जनावरांना घाला खुशाल. पण तिच्या बियांत आणि मोडांत एल-कॅनाव्हॅनिन नावाचं द्रव्य असतं. १९८०च्या दशकात माकडांना हे मोड खायला घातले, तेव्हा त्यांच्यात ल्युपससारखा आजार दिसला होता. ल्युपसच्या पेशंटने कटाक्षाने टाळावा असा खाण्यातला एकच पदार्थ सांगा म्हटलं, तर मी हाच सांगेन. लसूणघासीचा आणि लसणाचा संबंध फक्त नावापुरता.

गुळवेलीवर सासूबाईंची श्रद्धा असणार, मला कळतं. पण २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले पेशंट नोंदवले, आणि त्यातल्या काहींना तुमच्यासारखाच ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्यावरच उठण्याचा, कल होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा, तुमच्या यकृतावर त्याचा प्रयोग नको. काढा बंद.

लसूण टाळा असं काही याद्यांत लिहिलेलं असतं खरं. पण ती भीती लसणाच्या घट्ट अर्काच्या गोळ्यांची आहे, फोडणीतल्या चार पाकळ्यांची नाही. वांगं-टोमॅटोने ल्युपस भडकतो असा पुरावा नाही. तुम्हाला स्वतःला दर वेळी खाल्ल्यावर सांधे जास्त दुखल्यासारखे वाटत असतील, तर काही आठवडे बंद करून बघा, फरक नसेल तर पुन्हा सुरू करा.

तांबड्या रश्श्यावर मात्र सगळ्यांनी चुकीच्या कारणाने बंदी घातलीय. तिखटाने ल्युपस वाढत नाही. तोंडात फोड आले असतील तेव्हा झोंबेल, तेवढे दिवस थांबा. खरी अडचण मिठाची आणि वरच्या कटाची. प्रेडनिसोलोन पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढवतं, आणि ल्युपसचा डोळा मूत्रपिंडांवर असतो. दिवसाला माणशी पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, याच्या पुढे जायचं नाही. आपल्याकडे वर्षाची चटणी कुटतानाच त्यात मीठ पडतं. मग ती चटणी रश्श्यात, वर पुन्हा अंदाजाने मीठ, शेजारी लोणचं, पापड आणि खर्डा. मोजायला बसलात तर रविवारच्या एका ताटातच दिवसाचं मीठ संपतं. या वर्षीची चटणी अळणी कुटून घ्या, कट वाटीत काढून ठेवा आणि रस्सा महिन्यातून एक-दोनदा आनंदाने खा. या आजारात कमी वयातच हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून कटाबद्दल माझा एवढा हट्ट. रस्श्याऐवजी अधूनमधून बांगडा, तारली आणा आणि जवसाची चटणी करा. त्यांतल्या ओमेगा-३ या स्निग्धांशाने थोडा फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. पण तेलकट मटणापेक्षा बांगडा हृदयाला केव्हाही बरा.

स्टेरॉइडने हाडं विरळ होतात, तेव्हा कॅल्शियम हवंच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी दही, तीळ, एवढं जमलं तर बराच पल्ला गाठला. दूध प्या, पण उकळून. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून फेसाळता पेला हातात देतात, ते कोल्हापूरचं वैभव आहे आणि मलाही त्याचं कौतुक आहे. पण तुमच्या औषधांनी जंतूंशी झुंजायची ताकद कमी होते आणि कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा ताप किंवा क्षय येऊ शकतो. यजमानांना एकट्याने जाऊ दे, आणि त्यांच्याही पेल्याबद्दल मी फार खूश नाही. प्रोटीन पावडरही लघवीतलं प्रथिन तपासल्याशिवाय घेऊ नका.

एवढं सगळं खाण्याबद्दल लिहिलं, पण तुमचं खरं पथ्य स्कूटीवर आहे. ल्युपस उन्हाने भडकतो. पूर्ण बाह्यांचं सुती जाकीट, हातमोजे, स्कार्फ, आणि निघायच्या अर्धा तास आधी एसपीएफ ३० ते ५०चं सनस्क्रीन. उन्हात राहिलात तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. वर्गात खिडकीजवळचं टेबल बदलून घ्या, कारण काचेतून काही अतिनील किरणं आत येतातच. एप्रिलमध्ये गच्चीवर मिरच्या वाळवायचं काम या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्या. चैत्रात जोतिबाला जायचंच असेल तर पहाटे जा आणि ऊन चढायच्या आत उतरा. रंकाळ्याला फेरी मारा, झुंजूमुंजू असताना. चाला जरूर, कारण थकवा नुसतं पडून राहण्याने वाढतो. मात्र अंग मोडून आलेल्या दिवशी फेरी सोडून द्या. मिश्रीची सवय असेल तर ती बंद करा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्यांनाही सांगा.

लघवीला फेस, पायावर सूज, छातीत दुखणं किंवा ताप यातलं काही झालं, तर मला पत्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नव्या डॉक्टरांना ल्युपस असल्याचं आधी सांगा, कारण काही सल्फा औषधांनी तो उसळतो. बाळाचा विचार असेल तर गोळ्या चालू असतानाच बोला. आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो.

प्रश्न : माझ्या मुलीला ल्युपस आहे, कॉलेजात शिकते. व्हिटॅमिन डी कमी निघालं म्हणून मी तिला रोज सकाळी नऊ वाजता अर्धा तास उन्हात बसवतो. शिवाय ६०,००० युनिटची पावडर दुधातून रोज देतो. बरोबर आहे ना?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : दोन्ही थांबवा, भाऊ. उन्हात बसवणं आजच थांबवा. ऊन टाळल्यामुळेच अशा मुलींचं डी कमी होतं, म्हणून ते औषधातून द्यायचं असतं. पण ६०,०००चं पाकीट बहुधा आठवड्यातून एक असतं, तेही ठरावीक आठवड्यांपुरतं. रोज दिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. किती पाकिटं गेली ते लिहून काढा, डॉक्टरांना दाखवा, आणि डी, कॅल्शियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन या तीन तपासण्या या आठवड्यातच करून घ्या.