वाचक विचारतात : सीलिअ‍ॅकच्या पथ्यात गहू शिरतो कुठून?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. १४ महिन्यांपूर्वी तिला सीलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार. तेव्हा टीटीजी (या आजारातली प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी) २०० च्या वर होतं (लॅबची मर्यादा २०). सहा महिन्यांनी ते ९६ आलं आणि आता ७१ आहे. डॉक्टर म्हणतात, पथ्य नीट होत नाही. अहो, इतक्या महिन्यांत तिने पोळीचा तुकडाही तोंडात घातलेला नाही. रोज दादरची (खानदेशी ज्वारीची) भाकरी खाते. मग चुकतंय कुठे?
— एक आई, अमळनेर

उत्तर : आधी रिपोर्ट नीट वाचू. टीटीजी प्रतिपिंडं हळूहळूच उतरतात. सुरुवात २०० च्या वर असेल, तर मर्यादेत यायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. त्यामुळे ७१ हा आकडा एकटा घाबरवणारा नाही. खटकते ती चाल. पहिल्या सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त उतरलं आणि पुढच्या आठ महिन्यांत जेमतेम २५. तिन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये झाल्या होत्या ना, ते बघा. किट बदललं की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. लॅब एकच असेल, तर गहू कुठून तरी शिरतोय असंच धरून चालावं.

‘पथ्य पाळता का?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. आम्ही पहिला प्रश्न वेगळा विचारतो : दादर दळता कुठे?

गल्लीतल्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की जात्याच्या दगडांत आणि तोंडाच्या कापडी पिशवीत पीठ उरतंच. समजा फक्त १० ग्रॅम गव्हाचं पीठ तुमच्या ५ किलो दादरमध्ये मिसळलं. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन असतं, म्हणजे १ ग्रॅम. किलोमागे झालं २०० मिलिग्रॅम. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. या पिठाच्या दिवसभरात ३०० ग्रॅमच्या भाकरी खाल्ल्या, तर पोटात ६० मिलिग्रॅम ग्लुटेन जातं. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेलं तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पोळीचा तुकडा न खाताही असं होतं ते यामुळे.

गिरणीवाल्याला आधी दोन किलो ज्वारी दळून ती बाजूला काढायला सांगणं हा अर्धा उपाय आहे. पिशवी तीच राहते आणि शेजारच्या जात्यावर गहू चालू असेल तर पीठ हवेतून येतं. जमत असेल तर घरगुती गिरणी घ्या आणि त्यात गव्हाचा एक दाणाही टाकू नका. दळायच्या आधी दादर ताटात पसरून निवडा. व्यापाऱ्याच्या पोत्यांतून, मापांतून गहू येतोच. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, म्हणजे त्यात ४ मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. किलोभर ज्वारीत असे पाच दाणे राहिले की २० ची मर्यादा गाठलीच.

त्यानंतर स्वयंपाकघराकडे वळा. भाकरी थापायची परात आणि तवा वेगळा हवा. ज्या तेलात गव्हाच्या पुऱ्या किंवा कुरडया तळल्या, त्यात तिचे ज्वारीचे बिबडे तळू नका. बिबडे आधी, कुरडई नंतर. हिंगाच्या डबीवर घटक वाचा. बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं. चिमटीतून जाणारं प्रमाण थोडंच, पण ते दोन्ही वेळच्या फोडणीतून रोज जातं, म्हणून तांदळाच्या पिठाचा हिंग आणा. कानबाईचा रोट गव्हाचा, सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. ‘प्रसादाने काय होतंय’ म्हणणाऱ्या आजीला हे एकदा शांतपणे समजावून सांगावं लागेल.

आता सात दिवस वही ठेवा. नुसतं ‘भाकरी-भाजी’ लिहून काही कळत नाही. पीठ कुठलं, कोणी केलं, कोणत्या भांड्यात, शाळेत कोणाच्या डब्यातलं खाल्लं, हे सगळं लिहा आणि ती वही आहारतज्ज्ञाला दाखवा. सीडॅट नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिचे गुण ७ ते ३५. १३ पेक्षा कमी चांगले, १७ पेक्षा जास्त असतील तर पथ्य ढिलं आहे. ती प्रौढांसाठी उपयोगाची, पण गिरणीबद्दल त्यात एक शब्द नाही. मुलीसाठी वहीच बरी, आणि सोबत उंची, वजन, हिमोग्लोबिन. वही, गिरणी सगळं दुरुस्त झाल्यावर सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये.

प्रश्न : माझं वय २९. टीटीजी आता नॉर्मल आहे. लग्नसराईत महिन्यातून दोनदा वरण-बट्टी खाल्ली तर चालेल का? त्रास होत नाही.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. एका बट्टीत ५०-६० ग्रॅम पीठ धरलं तरी ५ ग्रॅम ग्लुटेन होतं, म्हणजे वर सांगितलेल्या ५० मिलिग्रॅमच्या शंभरपट. मधूनमधून होणारी अशी चूक टीटीजी पकडेलच असं नाही, आणि टीटीजी नॉर्मल असूनही आतड्याचं अस्तर भरून आलेलं नसतं असे रुग्ण असतात. त्रास न होणं हाही पुरावा नव्हे. पोटात गेलेल्या ग्लुटेनचे अंश लघवीत किंवा शौचात शोधणाऱ्या चाचण्या आता निघाल्या आहेत. लघवीतून साधारण एक-दोन दिवसांपूर्वीचं खाणं कळतं, शौचातून काही दिवसांपूर्वीचं. म्हणजे गुरुवारच्या बट्टीबद्दल पुढच्या सोमवारची लघवी काही बोलणार नाही. लग्नात भात आणि भाजी घ्या, तीही आचाऱ्याला विचारून. वरणावर तरंगणारा बट्टीचा चुरा बघितलात तर ते वरणसुद्धा नको. आणखी एक गोष्ट : तुमचं एकूण आयजीए (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) कधी मोजलं आहे का? ते मुळातच कमी असेल, तर आयजीए प्रकारचं टीटीजी पथ्य न पाळताही नॉर्मल दिसतं.

प्रश्न : खपली गहू, सातू आणि भगर चालतात का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : खपली हा गहूच आहे, ‘पचायला हलका’ असं कितीही छापलेलं असलं तरी. सातू म्हणजे जव, त्यातही तेच विष. भगर चालते, राजगिरा आणि नागलीही. मात्र यांचं तयार पीठ सुटं घेऊ नका, अख्खं धान्य आणून निवडा आणि घरीच दळा.