हरकती-सूचना पाठवायच्यात? आधी कलम नंबर लिहा

तुम्ही विचारलंय की मोटार वाहन कायद्यातल्या बदलांवर सरकार हरकती-सूचना मागवतं तेव्हा आपण पाठवून काही उपयोग असतो का. मी पाच-सहा वेळा पाठवल्यात, पहिल्या दोन अगदीच वाया गेल्या आणि चूक माझीच, पुण्याच्या ट्रॅफिकवर तीन पानी निबंध लिहिलेला, पीएमपीच्या बसपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे त्यात, फक्त कलमाचा नंबर कुठेच नाही. असलं पत्र तिकडच्या माणसाने लावायचं तरी कोणत्या फाइलला?

आधी बघा कशावर मागवल्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बदल असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे मसुदा आधी छापावाच लागतो, साधारण ३० दिवस मिळतात. गल्लीतला वनवे, नो पार्किंग त्यात घालू नका, ते इथल्या ट्रॅफिक पोलिसांचं काम.

मग एकच मुद्दा धरा. माझा म्हणजे त्याच कायद्यातलं कलम १९८-अ, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल मानकाप्रमाणे नसेल तर ठेकेदार, सल्लागार, यंत्रणा यांना दंड. ऐकायला झकास! पण दंड जास्तीत जास्त १ लाख आणि तोही त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तरच. थोडं पुढे १९९-अ मध्ये अल्पवयीन पोराने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद नि २५ हजार दंड, आणि ते बरोबरच आहे, कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर पुण्यात त्यावर कोण वाद घालणार, पण मग रस्ता करणाऱ्याला एवढी माया कशाला?

मागच्या वर्षी आमच्या गल्लीत रातोरात स्पीडब्रेकर उगवला, ना पांढरे पट्टे ना बोर्ड, मी स्कूटरवरून आपटलो आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये. दुसऱ्या दिवशी बायकोने पोराची कंपासमधली पट्टी धरली (कमी पडली, मग शिवणाची टेप आणली) आणि मी डाव्या हाताने फोटो काढले. उंची १८ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम हातभर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. पण मी ना मेलो ना अपंग झालो, म्हणजे १९८-अ लागूच नाही!

म्हणून माझं एक पान तयार आहे: 'मृत्यू किंवा अपंगत्व' ही अट काढा, मानक मोडल्याचं मोजून सिद्ध झालं की दंड लावा. खाली फोटो, तारीख, मापं. फक्त हे कायद्यातलं कलम आहे, नियम नाही, त्यामुळे नियमांच्या मसुद्यावर पाठवून फायदा नाही, कायद्याच्याच दुरुस्तीवर सूचना मागवतील तेव्हा जाईल.

कोणाला पान हवं असेल तर देतो, पण माझंच कॉपी-पेस्ट करू नका राव, आपापल्या गल्लीतला स्पीडब्रेकर मोजा. आणि टेप डांबराला टेकवून सरळ उभी धरा, उतारावर माप फसतं.