कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित रोजच्या प्रश्नांतून शिकता येतं का? त्यासाठी पुस्तक कोणतं घ्यावं?

येतं. पण धड्याच्या शेवटी 'उपयोजन' म्हणून जी गणितं असतात, त्यांना मी खरे प्रश्न मानत नाही. आकडे आयते, सूत्र कुठलं तेही धड्याच्या नावावरून कळलेलं. उरते नुसती आकडेमोड.

एखादा पत्र्याचा गोल डबा घ्या आणि विचारा, हा एवढाच उंच का? व्यास पट्टीने मोजू नका, पट्टी बरोबर मध्यातून गेली का ते कळत नाही. दोरा गुंडाळून परीघ घ्या, ३.१४ ने भागा.

आता घनफळ ठरलेलं आहे, पत्रा कमीत कमी हवा. वरखालच्या चकत्यांना मिळून ६.२८ × त्रिज्येचा वर्ग, बाजूला २ × घनफळ ÷ त्रिज्या. बहुतेकांची चूक इथेच होते: उंची समीकरणात तशीच ठेवून, ती जणू स्थिर आहे असं धरून डेरिव्हेटिव्ह (त्रिज्या बदलली की पत्रा किती वेगाने बदलतो, तो दर) काढतात. घनफळाचं सूत्र वापरून तिला आधी घालवा. मग डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं की उत्तर येतं, उंची = व्यास. १ लिटरला त्रिज्या ५.४२ सेंमी, उंची १०.८४.

तुमचा डबा बहुधा असा नसतो. 'व्यवहारात असं चालायचंच' म्हणून पुढे जाणाऱ्या शिक्षकांशी माझं जुनं भांडण आहे. अहो, गोल चकती चौरसातून कापली तर कोपरे वाया जातात! तो पत्राही धरा, म्हणजे ६.२८ च्या जागी ८. आता उंची त्रिज्येच्या २ नव्हे, २.५५ पट येते. चकत्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या मांडून षटकोनांतून कापल्या तर २.२१.

तरीही डबा जास्त उंच भरला? मग चकत्यांचा हिशोब सोडून पहिल्याच सूत्रात उंची व्यासाच्या दुप्पट घालून बघा. पत्रा जेमतेम ५ टक्के वाढतो. डेरिव्हेटिव्ह शून्य असतं तिथे आलेख सपाट असतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी फारसं बिघडत नाही. हातात नीट धरता यावा म्हणून तेवढा खर्च कुणीही सोसेल.

पुस्तक कुठलंही चालेल. मात्र बीजगणित कच्चं असेल तर आधी ते घोटा, नाहीतर डबा राहील बाजूला आणि कंसांतच अडकाल. आणि अनंत श्रेणी, लिमिटच्या काटेकोर सिद्धता यांना हा मार्ग फारसा लागू पडत नाही. त्या वहीत बसूनच कराव्या लागतात.