हेल्पमध्ये एक उदाहरण नव्हतं, म्हणून एप्रिलचा कापूस मार्चात गेला

कमांड-लाइन टूलची हेल्प कशी लिहावी यावरची तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. केळीच्या वजनकाट्याच्या पावत्या जोडणारं पायथनचं टूल, हेल्पचा मजकूर तीन स्क्रीन, आणि तरी रावेरहून मुनिमांचा रोज फोन: "आता पुढे काय टाकू?" धुळ्याकडच्या एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी काढणारा कारखाना) मी असंच टूल लिहिलं होतं. जिनिंगचं नाव घेत नाही, चूक माझीच होती.

आर्गपार्स (कमांडसोबत टाकलेले पर्याय वाचणारं पायथनचं मॉड्यूल) तुम्हाला येतं, ते सोडतो. माझ्या हेल्पमध्ये एक ओळ होती: "--दिनांक : पावतीचा दिनांक". बस, एवढंच. मुनिमांनी टाकलं ०३-०४-२०१९. मी दिनांक वाचायला डेटयुटिल हे पायथनचं पॅकेज वापरलं होतं, आणि ते वेगळं सांगितलं नाही तर महिना आधी धरतं. म्हणजे ३ एप्रिलची पावती ४ मार्चला पडली, ३१ मार्चला बंद झालेल्या वर्षात! ५ एप्रिलची गेली ४ मे ला, त्यामुळे 'आजपर्यंत'च्या यादीत ती दिसेचना. ४ तारीख तेवढी योगायोगाने बरोबर. आणि १३ पासून सगळं आपोआप ठीक, कारण तेरावा महिना नसतो. म्हणूनच चूक सापडायला वेळ लागला. आम्ही तपासायला घेतल्या त्या पावत्या नेमक्या २० तारखेनंतरच्या. तिकडे शेतकरी पावती हातात धरून दारात उभे, आणि रजिस्टरात त्यांचं नाव नाही. मुनीम मला फोनवर म्हणाले, "भाऊ, माले काहीच समजी नही ऱ्हायनं." त्यांना समजणार कसं? मी सांगितलंच नव्हतं.

हिशेब दुरुस्त करायला एका कार्यालयात जावं लागलं. तिथे म्हणे टूलची वापरपुस्तिका आणा, तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग. हेल्प प्रोग्रामातच आहे म्हटलं, तर साहेब म्हणाले, "मग शिक्का कुठे मारू?" चाळीस पानं छापली. कपाटात गेली. पुढच्या खेपेला कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. असो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: पर्यायांची यादी कोणी वाचत नाही, उदाहरण वाचतात आणि तसंच्या तसं उतरवतात. म्हणून उदाहरणात खरी वाटणारी तारीख घाला, आणि ती १३ च्या पुढची घाला, म्हणजे दिवस कुठला नि महिना कुठला हे बघताक्षणी कळतं. शिवाय काम सुरू करण्याआधी टूलने काय समजलं ते बोलून दाखवावं: "३ एप्रिल २०१९ च्या ४१ पावत्या जोडतोय". हे मी हेल्पचाच भाग मानतो, कोणी मानत नसेल तर नसो.

उदाहरणं आधी की शेवटी यावर लोक भांडतात. माझ्या मते शेवटी. मजकूर वर सरकून जातो आणि डोळ्यासमोर उरतात त्या तळाच्या ओळी. आर्गपार्समध्ये त्यासाठी एपिलॉग (हेल्पच्या तळाचा मजकूर) आहे, पण सोबत रॉ-डिस्क्रिप्शन-हेल्प-फॉरमॅटर (ओळी लिहिल्या तशाच ठेवणारा) दिला नाही तर आर्गपार्स सगळ्या ओळी एकात एक कालवून टाकतं. आणि पर्यायाच्या हेल्पमध्ये "आडत २%" असं लिहाल तर पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत टूल एरवी नीट चालेल आणि हेल्प मागितली की नेमकं कोसळेल. तिथे टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहायचं. मी हे ग्राहकासमोर शिकलो.

तीन स्क्रीन मजकूर ठेवायचाच असेल तर ठेवा, पण तो --हेल्प म्हटल्यावर. नुसतं टूलचं नाव टाकून एंटर मारलं तर पाच ओळी पुरेत. मागितलेली हेल्प स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रामच्या नेहमीच्या मजकुराची वाट) जाऊ द्या आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) ० ठेवा; चुकीच्या वापराचा संदेश मात्र स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांची वेगळी वाट), कोड शून्याखेरीज दुसरा (आर्गपार्स २ देतं). उलटं केलंत तर हेल्प लेसमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) पाइप करणाऱ्याला रिकामा पडदा दिसतो. नुसत्या -एच या लघुरूपावर विसंबू नका, मायएसक्यूएल आणि पीएसक्यूएल या डेटाबेसच्या टूल्समध्ये त्याचा अर्थ होस्ट, म्हणजे सर्व्हरचा पत्ता. विंडोजवर जुनी माणसं /? टाकतात, तेही ओळखा. दोन ओळींचं काम आहे.

हेल्प मराठीत ठेवावी का? माझं उत्तर हो, पण विंडोजवर एकदा ती फाइलमध्ये वळवून बघा. स्क्रीनवर दिसणारी मराठी फाइलमध्ये जाताना युनिकोडएन्कोडएरर (अक्षरं फाइलच्या एन्कोडिंगमध्ये बसत नसल्याची चूक) देऊ शकते. पायथनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं की माझ्याकडे भागलं. तुमच्या पायथनची आवृत्ती कोणती यावरही अवलंबून आहे, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका.

तुमच्या हेल्पमधली तारखेची ओळ जशीच्या तशी इथे टाका. बाकी तीन स्क्रीन नंतर बघू.